रूट कॅनाल झालं, तरी दाढ का दुखतेय?

"नस तर तुम्ही काढून टाकलीत. मग आता दुखतंय ते काय?"

रूट कॅनालच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या फोनवर हा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो रास्तच आहे. ज्या नसेपायी रात्री जागून काढल्या ती काढण्यासाठी दोन-तीन सिटिंग झाली, इतका वेळ तोंड उघडं ठेवून बसलो, आणि तरीही घास चावला की डोळ्यांत पाणी येतंय, म्हटल्यावर काम बिघडलं असं वाटणारच. कधी कधी ते खरोखर बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा नसतं. मी दिवसभर रूट कॅनालच करते, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. किती दुखतंय यावरून कारण फारसं सापडत नाही. कशाने दुखतं आणि कालच्यापेक्षा आज कमी आहे का, यावरून सापडतं.

नस गेली, मग दुखतं कोण?

दाताची नस मुळाच्या टोकाजवळच्या एका बारीक छिद्रातून आत आलेली असते. आम्ही काढतो ती छिद्राच्या अलीकडची. पलीकडचं सगळं जिवंतच राहतं. शिवाय दात हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक अस्तर असतं, जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचं, आणि दात त्यात झोळीत ठेवल्यासारखा पेललेला असतो. घासात वाळूचा कण आला की क्षणात कळतं ते या अस्तरातल्या नसांमुळे. रूट कॅनालनंतर त्या नसा जागच्या जागी असतात. म्हणून असा दात गार-गरम ओळखत नाही, पण दाब चांगलाच ओळखतो.

आता आमची अडचण बघा. फाइल (मुळाची नळी आतून घासायची बारीक, खरखरीत सुई), आतून धुण्याचं औषध, शेवटी भरायचं सिमेंट, सगळं त्या छिद्राच्या उंबरठ्यापर्यंत न्यावं लागतं. फार अलीकडे थांबलं तर जंतू मागे राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी दाढ पुन्हा डोकं वर काढते. उंबरठा ओलांडला तर पलीकडचं अस्तर आणि हाड चिडतं, आणि त्याच रात्री ठणका लागतो. रूट कॅनालनंतरचं बहुतेक दुखणं या चिडण्याचं असतं, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या या जागेत हात किती सांभाळून चालला यावर ते बरंच अवलंबून असतं. बरंच म्हणते, सगळं नाही. जी दाढ उपचाराआधी आठवडाभर ठणकत होती, तिचा मेंदूपर्यंतचा निरोपाचा रस्ता आधीच तापलेला असतो. काम कितीही चोख झालं तरी तो लगेच निवत नाही. आधी जास्त दुखत असेल तर नंतरही जास्त दुखण्याची शक्यता असते, हे वारंवार दिसून आलेलं आहे.

2011 साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराआधी 81 टक्के लोकांना दुखत होतं, उपचारानंतर 24 तासांनी 40 टक्क्यांना, आणि आठवड्याने 11 टक्क्यांना. दुखण्याची तीव्रता 0 ते 100 अशी मोजली तर ती 54 वरून 24 वर आणि मग 5 वर आली. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणं हे नवलाचं नाही. दहातल्या चौघांना दुखतंच. पहिले एक-दोन दिवस जोर असतो, तिसऱ्या दिवसापासून उतार लागायला हवा. उतार लागला असेल तर आठ-दहा दिवस थोडं जाणवलं तरी मी घाबरत नाही. उतार लागलाच नाही, किंवा कमी होऊन पुन्हा चढलं, तर कारण शोधायला बसते.

"एरवी काही नाही, फक्त चावताना लागतं"

सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि सगळ्यांत लवकर सुटणारीही.

दाढेवर तात्पुरतं सिमेंट किंवा फिलिंग बसवलं जातं तेव्हा तुम्ही खुर्चीत आडवे असता, अर्धा जबडा बधिर असतो आणि तोंड तासभर उघडं राहून आंबलेलं असतं. "चावून बघा, उंच लागतंय का?" असं विचारलं की बहुतेक जण "नाही, ठीक आहे" म्हणतात, कारण त्या वेळी खरंच कळत नाही. भूल उतरते, तुम्ही उठून बसता, जबडा आपल्या जागी येतो, आणि मग तोंड मिटताना सगळ्यांत आधी तीच दाढ टेकते. आधीच चिडलेल्या अस्तरावर दिवसभरात शेकडो वेळा हातोडी बसते. गिळताना, बोलताना, झोपेत दात आवळताना.

घरी पाहायचं तर ताठ बसा आणि दात अगदी अलगद मिटा, जोर न लावता. सगळे दात एकदम टेकले तर ठीक. एकच दाढ आधी टेकत असेल आणि बाकीचे दात मिटवायला किंचित दाबावं लागत असेल, तर ती दाढ उंच आहे. सकाळी उठल्यावर ती जास्त ठसठसत असेल तर शंका आणखी बळकट होते.

मध्यंतरी एक गृहस्थ पाचव्या दिवशी आले. दोन वेदनाशामक गोळ्या बदलून झाल्या होत्या, तिसरी सुरू होती. एक्स-रे काढला, काम नीट होतं. निळा कागद दातांमध्ये धरून हळूच चावायला सांगितलं. वरच्या दाढेच्या टाळूकडच्या उंचवट्यावर एक गडद ठिपका उमटला, मधोमध फिकट, कडेने निळं वर्तुळ; जोराचा दाब पडतो तिथे शाई अशीच पुसली जाते. शेजारच्या दोन दाढांवर कागदाचा डागही नव्हता. डायमंड लावलेल्या बारीक टोकाने तो ठिपका तीनदा हलकेच घासला, प्रत्येक वेळी पुन्हा कागद धरून. चौथ्यांदा तिन्ही दाढांवर सारखे फिकट ठिपके आले. ते उठून बसले, दात मिटले, आणि काही वेळ नुसतेच दात मिटत-उघडत राहिले. भूल द्यावी लागली नाही, गोळीही बदलावी लागली नाही.

आता पुढचा प्रश्न. उंच नसलेली दाढसुद्धा आधीच थोडी घासून खाली घ्यावी का? 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांची दाढ उपचाराआधी दुखत होती, नस जिवंत होती, ठोकल्यावर लागत होतं आणि एक्स-रेवर मुळाशी काळा डाग (तिथलं हाड झिजल्याची खूण) नव्हता, त्यांना अशी दाढ घासून खाली घेण्याचा फायदा होतो. सरसकट सगळ्यांना नाही. मीही तसंच करते: नंतर कॅप बसणारच असेल आणि दाढ ठोकल्यावर आधीपासून लागत असेल, तर घासून घेते. पुढच्या निरोगी दाताला त्यासाठी हात लावत नाही.

पहिल्या दोन रात्री

ठणका सुरू झाल्यावर गोळी शोधायची, असं करू नका. भूल उतरायच्या आत पहिली गोळी पोटात गेलेली बरी. मोठ्या माणसाला इबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम एकत्र घेतल्यास दोन्ही वेगवेगळ्या वाटेने काम करतात आणि एकट्या गोळीपेक्षा गुण जास्त येतो. पण ज्यांना पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा आहे, जे रक्त पातळ करणारी औषधं घेतात, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी इबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. डॉक्टरांना आधी सांगावं. सर्दी-तापाच्या कितीतरी गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजणीत धरा. गोळी कुटून किंवा तशीच दाढेशेजारी दाबून ठेवू नका. हिरडी भाजते आणि दाढ आहे तिथेच राहते.

अँटिबायोटिकबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. नुसतं दुखतंय म्हणून अँटिबायोटिक घेऊन दुखणं कमी होत नाही. गोळी रक्तातून फिरते, आणि नस काढलेल्या दाताच्या आत रक्त पोहोचतच नाही. 2019 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढ माणसाच्या दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असेल, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, सूज पसरू लागली, तर गोष्ट वेगळी.

हातात काय असतं

मी नवीन होते तेव्हाची एक दाढ अजून विसरलेले नाही. खालची पहिली दाढ, नस जिवंत, सरळसाधं काम. लांबी मी एक्स-रेवरून ठरवली. फाइलचं टोक मुळाच्या टोकाशी अगदी नेमकं दिसत होतं, आणि मला समाधान वाटलं. शेवटी आतला ओलावा टिपायला पेपर पॉइंट घातला, तर त्याच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटर लाल रंग आला. दुसरा घातला, तोही तसाच. नस काढल्यावर थोडं रक्त येतंच, असं मनाला सांगून मी सिमेंट भरलं. त्या बाईंचा फोन सकाळी सात वाजता आला. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. रात्रभर भिंतीला टेकून बसून होत्या.

तो लाल ठिपका मला सांगत होता की फाइल उंबरठ्याच्या बाहेर गेली आहे. एक्स-रे हे सपाट चित्र असतं, आणि छिद्र बरेचदा मुळाच्या अगदी टोकाला नसतं. अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे, बाजूला उघडतं. चित्रात टोकाशी दिसणारी फाइल प्रत्यक्षात बाहेर असू शकते. म्हणून आता एपेक्स लोकेटरशिवाय मी लांबी ठरवत नाही. ओठाला एक हुक, फाइलला दुसरा, आणि मधला विद्युतरोध मोजून यंत्र सांगतं की टोक कुठे आहे. यामागचं तत्त्व जुनं आहे. 1962 साली सुनादा या जपानी संशोधकाने दाखवलं की तोंडातलं अस्तर आणि मुळाभोवतालचं अस्तर यांच्यातला रोध साधारण 6.5 किलो-ओहम इतका ठरलेला असतो. फाइल त्या अस्तराला टेकली की आकडा बोलतो. त्याला एक्स-रेची जोड द्यायची, एकावर विसंबायचं नाही. आणि पेपर पॉइंटच्या टोकावर नुसता टोकापुरता लाल रंग आला, तर थांबून लांबी पुन्हा मोजायची.

दुसरी गोष्ट म्हणजे आतला गाळ. फाइल फिरते तेव्हा दाताचा भुसा, नसेचे तुकडे आणि जंतू सुटे होतात. फाइल खाली-वर रेटली तर ती पंपातल्या दट्ट्यासारखी हा गाळ पुढे, छिद्राबाहेर ढकलते. कोणत्याही पद्धतीत थोडा गाळ बाहेर जातोच, फरक असतो तो प्रमाणात. वरचा भाग आधी रुंद करून मग खाली उतरलं तर गाळाला वर यायला वाट मिळते. गोल फिरणाऱ्या मशीनच्या निकेल-टायटॅनियम फाइल गाळ वर खेचतात. हाताच्या फाइलने टोकापासून वर येत काम केलं तर तो तुलनेने जास्त बाहेर ढकलला जातो, आणि नंतरचं दुखणंही सहसा मशीनपेक्षा हाताच्या फाइलनंतर थोडं जास्त आढळतं. पूर्ण गोल फिरणारी फाइल बरी की पुढे-मागे झोके घेणारी, यावर अभ्यासांचं एकमत नाही. काहींत एकीनंतर जास्त दुखलं, काहींत दुसरीनंतर, काहींत फरकच नाही. माझं स्वतःचं मत असं की फाइल कुठली यापेक्षा दर वेळी ती बाहेर काढून पुसली का, मध्ये धुतलं का आणि दाबून रेटली का, याने रुग्णाची रात्र ठरते.

धुण्याचं औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरच्या ब्लीचचंच भावंड. जंतू मारतं, मेलेली नस विरघळवतं. त्याच्या तोडीचं दुसरं औषध अजून मिळालेलं नाही. पण ते जिवंत पेशीही तशाच विरघळवतं. म्हणून सुई बारीक आणि बाजूला छिद्र असलेली हवी, टोकापासून दोनेक मिलिमीटर अलीकडे ठेवलेली, आत घट्ट न अडकलेली, आणि पिचकारीवर अंगठ्याऐवजी तर्जनी, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. हे औषध जोराने बाहेर गेलं तर रुग्णाला भूल असूनही एकदम असह्य आग होते, काही मिनिटांत गाल सुजतो, दाढेतून रक्त येऊ लागतं, नंतर गालावर काळंनिळं पसरतं. विरळा घडतं, पण घडतं. तसं झालं तर पहिला दिवस थंड शेक, नंतर कोमट, पुरेशी वेदनाशामकं आणि डॉक्टरांची रोज नजर. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बरं होतं. डॉक्टरांनी हे लपवू नये, त्याच क्षणी सांगावं. कळलं की माणूस निम्मा सावरतो.

अलीकडे शेवटचं धुणं थंड सलाइनने करण्याची पद्धत आली आहे, साधारण 2.5 अंश सेल्सिअस, पाच मिनिटं. मुळाच्या बाहेरचा भाग थोडा वेळ थंड होतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांचं दुखणं कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. सलाइन फ्रीजमध्ये ठेवण्यापलीकडे काही लागत नाही, म्हणून फार ठणकत आलेल्या दाढांना मी ते आवर्जून करते.

एका सिटिंगमध्ये पूर्ण करावं की दोन-तीनमध्ये? अखेरचं यश दोन्हींत सारखंच येतं. एका सिटिंगमध्ये केलं तर पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं जास्त संभवतं. पू वाहत असेल किंवा मूळ कोरडं होत नसेल, तर मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे जंतू मारणारं तात्पुरतं औषध, भरून वाट पाहते. नाही तर एकदाच तोंड उघडायला लावणं मला बरं वाटतं.

भरलेलं सिमेंट मुळाच्या टोकाबाहेर किंचित गेलं तर एक्स-रेवर पांढरा ठिपका दिसतो. काही दिवस दुखू शकतं, बहुधा आपोआप शमतं. मात्र खालच्या दाढेवर काम झालंय, भूल उतरायची वेळ कधीच टळून गेली आहे आणि तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर आहे, मुंग्या येताहेत, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. खालच्या जबड्यातली मोठी नस तिथून जवळ असते आणि तिथे वेळ फार महत्त्वाचा.

"कमी होत होतं, आणि अचानक गाल सुजला"

नस आधीच मेलेली, मुळाशी काळा डाग, पण दाढ वर्षानुवर्षं गप्प. अशी दाढ उघडली की कधी कधी काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पेटते. आतले जंतू आणि शरीर यांच्यात जे काही जमलेलं असतं ते आपण मोडतो. थोडा गाळ पलीकडे गेला की शरीर त्यावर तुटून पडतं. यात डॉक्टरांची चूक असेलच असं नाही, आणि अशी दाढ पुढे टिकत नाही असंही नाही.

यावर उपाय गोळीचा नाही, हाताचा आहे. दाढ पुन्हा उघडायची, पू असेल तर वाट करून द्यायची, नीट धुवायचं, औषध भरून पुन्हा बंद करायचं. पूर्वी दाढ उघडीच ठेवून घरी पाठवायची पद्धत होती. त्याने तोंडातले नवे जंतू आणि अन्न आत जातं, म्हणून आता ते टाळतात.

सूज डोळ्याकडे सरकतेय, जबड्याखाली कडक गोळा होतोय, ताप आहे, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही किंवा श्वास जड होतोय, यातलं काहीही दिसलं तर क्लिनिक उघडायची वाट पाहू नका. सरळ हॉस्पिटल.

तोंड नीट न उघडणं एका साध्या कारणानेही होतं: खालच्या दाढेच्या भुलीची सुई जबड्याच्या स्नायूतून गेलेली असते. तिथे सूज नाही, ताप नाही, नुसतं आखडलेलं वाटतं. कोमट शेक आणि तोंड हळूहळू उघडण्याचा सराव, काही दिवसांत सुटतं.

"चहा घेतला की कळ येते"

रूट कॅनाल झालेल्या दाताला गरम-गार कळायला नको. कळत असेल तर दोन शक्यता: त्या दाढेत नसेचा एक फाटा राहिलाय, नाहीतर दुखणारी दाढ दुसरीच आहे.

पहिली शक्यता वरच्या पहिल्या दाढेत सगळ्यांत जास्त. तिला तीन मुळं असतात, पण पुढच्या गालाकडच्या मुळात बहुतेकदा नसेच्या दोन नळ्या असतात, आणि दुसरी इतकी बारीक असते की ती दिसत नाही, शोधावी लागते. मायक्रोस्कोपखाली पहिल्या नळीपासून टाळूकडे जाणारी एक तपकिरी रेघ दिसते, पेन्सिलने हलकी ओढल्यासारखी. तिच्यावरचा दाताचा पातळ थर अल्ट्रासॉनिक टोकाने खरवडत गेलं की एका जागी 10 नंबरची, म्हणजे अगदी बारीक फाइल अडकते. हाताला तो अडकण्याचा स्पर्श झाला की समजावं, सापडली. खालच्या पुढच्या दातांतही असंच होतं. बाहेरून एक दिसणाऱ्या मुळात आत दुसरी नळी लपलेली असू शकते. साध्या एक्स-रेवर दोन्ही एकावर एक येतात, म्हणून तिरक्या कोनातून दुसरा एक्स-रे किंवा सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन) काढावा लागतो.

दुसरी शक्यता लोकांना पटत नाही. वरची दाढ दुखतेय असं वाटतं आणि दोषी खालची निघते, कारण दोन्हींचे निरोप मेंदूत एकाच वाटेने पोहोचतात. उजवी-डावी गल्लत मात्र सहसा होत नाही. मी अशा वेळी एकेका दाताला रबर डॅम, म्हणजे तो दात बाकीच्यांपासून वेगळा करणारा रबराचा पडदा, लावून त्यावर गरम पाणी सोडते, सगळ्यात मागच्या दाढेपासून पुढे येत. एकदा एका बाई रूट कॅनाल झालेल्या वरच्या दाढेकडे बोट दाखवत होत्या. त्या दाढेवर पाणी सोडलं, काही नाही. मग खालच्या. दुसऱ्या दाढेवर पाणी पडलं आणि दहा सेकंदांनी त्यांनी माझं मनगट धरलं.

सिमेंट निघालं, झिजलं

दोन सिटिंगच्या मधल्या काळात कच्च्या सिमेंटचा वरचा थर थोडा झिजतो, ते चालतं. खड्डा पडला किंवा जिभेला पोकळी लागली तर दोन-चार दिवस थांबू नका. लाळ आत झिरपली की केलेली सफाई वाया जाते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नका. नस काढल्याने नव्हे, तर किडीत आणि खोदकामात दाताचा भाग गेल्यामुळे अशी दाढ चिरण्याचा धोका असतो.

महिने उलटले, तरी आहेच

सहा महिन्यांनंतरही दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, 5 टक्क्यांच्या आसपास आहे. थोडं वाटलं तरी त्यातल्या प्रत्येकाला ते शंभर टक्के असतं.

इथे मी सगळ्यात आधी चीर शोधते. कापसाची गुंडाळी एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला लावते. चावताना नाही, सोडताना कळ आली तर संशय येतो. मग हिरडीच्या कडेने खोली मोजायची बारीक पट्टी फिरवते. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी एकदम आठ-नऊ, तर मूळ उभं चिरलं असण्याची दाट शक्यता. हिरडीवर वारंवार येणारी पुटकुळीही तिकडेच बोट दाखवते. एकच मूळ असलेला दात असा चिरला तर तो वाचत नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं. राहिलेली नळी किंवा मुळाशी राहिलेला जंतुसंसर्ग असेल तर रूट कॅनाल पुन्हा करता येतं, नाहीतर मुळाचं टोक शस्त्रक्रियेने काढता येतं. काळा डाग भरून यायला मात्र महिने, कधी वर्षं लागतात. दुखणं नसेल आणि डाग लहान होत असेल, तर घाई करून काही उकरू नये.

दात निर्दोष निघाला तर दाताबाहेर बघायचं. वरच्या सगळ्याच दाढा जड, खाली वाकलं की वाढतं, नाक चोंदलेलं: सायनस. विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ, ब्रश किंवा वाऱ्याच्या झुळकेने उठणारी: चेहऱ्याच्या नसेचा विकार, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. चालताना, जिने चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो: आधी हृदय तपासून घ्या, दात नंतर. आणि काही जणांत मुळाशी काहीच नसताना नसाच चुकीचे निरोप पाठवत राहतात. रोज, तेवढंच, झोपेत सहसा नाही. त्यावर नसांची औषधं असतात. अशा माणसाची दाढ पुन्हा पुन्हा उघडणं, मग काढणं, मग शेजारची काढणं, हे मी पाहिलं आहे, आणि दर वेळी दुखणं तसंच उरलेलं पाहिलं आहे. कारण सापडल्याशिवाय दुसऱ्यांदा हात लावू द्यायचा नाही, हा तुमचा हक्क आहे.

फोनवर काय सांगायचं

"खूप दुखतंय" एवढ्यावरून मला फारसं काही कळत नाही. कितवा दिवस, कशाने उठतं, कालच्यापेक्षा कमी की जास्त, कोणती गोळी किती वेळा घेतली, सिमेंट जागेवर आहे का, सूज, ताप किंवा बधिरपणा आहे का, एवढं सांगा. गेल्या आठवड्यात एका मुलीचा मेसेज आला: "चौथा दिवस. गार-गरमला काही नाही. आपोआप दुखत नाही. कालच्याएवढंच. दात मिटले की तीच दाढ आधी लागते, सकाळी जास्त. सूज नाही, सिमेंट आहे." मी तिला दुपारची वेळ दिली, आणि ती यायच्या आधीच निळा कागद ट्रेमध्ये काढून ठेवला.